‘हो, पण...’चा इतिहास

टिटवाळ्याहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये एक खेळ चालतो. गेली सहा वर्षं मी तो रोज बघतोय (आणि खरं सांगायचं तर खेळतोयसुद्धा). या खेळाला पत्ते लागत नाहीत की भजनी मंडळाचे टाळ लागत नाहीत. नियम सोपे आहेत. एकाने तक्रार करायची, बाकीच्यांनी उपाय सुचवायचे, आणि पहिल्याने प्रत्येक उपाय साभार परत करायचा. नमुना बघा:

"कंटाळा आलाय यार या नोकरीचा."

"मग दुसरी बघ ना."

"हो, पण आता नवीन टेक्नॉलॉजी शिकायची म्हणजे..."

"वीकांताला क्लास लाव."

"हो, पण वीकांताला घरची कामं कोण करणार?"

"मग ठाण्यात भाड्याने घर घे. जाण्यायेण्याचा वेळ तरी वाचेल."

"हो, पण ठाण्यातली भाडी बघितलीस का?"

आंबिवली जातं, शहाड जातं, कल्याण येतं, आणि मग गर्दीत सगळ्यांचीच तोंडं बंद होतात. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तीच तक्रार, तेच उपाय. कुणी चिडत नाही. टाईमपास आहे, चालायचंच.

पण हाच खेळ घरात सुरू झाला, की तो टाईमपास राहत नाही.

माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मांड्याला राहतो. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. दर रविवारी सकाळी यायचा, आईच्या हातचे पोहे खायचा आणि तक्रारी सांगायचा. झोप येत नाही, साहेब त्रास देतो, मामी बोलत नाही, पैसे पुरत नाहीत. या सगळ्यात एक गोष्ट तो सांगायचा नाही, पण आम्हा सगळ्यांना माहीत होती: तो रोज पितो.

मी पडलो इंजिनिअर. समोर प्रॉब्लेम आला की हात शिवशिवतात. एका रविवारी मी लॅपटॉप उघडून चक्क एक्सेल शीट केली. पहिल्या रकान्यात अडचण, दुसऱ्यात उपाय, तिसऱ्यात तारीख. मामाने ती शांतपणे वाचली, म्हणाला, "छान केलंयस रे. बरोबर आहे तुझं. पण..."

त्या ‘पण’वर माझं डोकं फिरलं. मी आईसमोर, मामीसमोर ओरडलो, "मामा, तुला बदलायचंच नाहीये! तुला फक्त रडायचंय!" मामा उठला, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर दोन महिने आला नाही. मामीने आईला फोनवर सांगितलं, की त्या आठवड्यात तो रोजच्यापेक्षा जास्त प्यायला.

आता मामाने पिण्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडता येणार नाही, हे मला कळतं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी आई आणि मी ठाण्याला एका समुपदेशक बाईंकडे गेलो. मला वाटलं, त्या मामाला ताळ्यावर आणायची युक्ती सांगतील. त्यांनी उलट मलाच विचारलं, "त्या तासाभरात तुम्ही किती वेळ बोललात, आणि मामा किती?"

मी मनात हिशोब केला. "मी पन्नास मिनिटं. मामा दहा."

"आणि त्या दहा मिनिटांत मामा कुठल्या बाजूने बोलले?"

"न बदलण्याच्या..."

बाई काही बोलल्या नाहीत. मला एकदम वर्गात पकडल्यासारखं झालं. परतीच्या गाडीत ठरवलं, की तक्रार करणाऱ्या पण बदलायला तयार नसलेल्या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न माझ्याआधी कुणाकुणाला पडला ते शोधून काढायचं. पुढचे तीन-चार वीकांत त्यात गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

तर, सुरुवात व्हिएन्नापासून.

१८९५ साली जोसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड या दोघांनी हिस्टेरियावर एक पुस्तक काढलं. फ्रॉइड पेशंटना जुन्या गोष्टी आठवायला सांगायचा. पेशंट थोडं सांगायचे आणि मग अडायचे. आठवत नाही, महत्त्वाचं नाही, सांगावंसं वाटत नाही. बरं व्हायला स्वतःहून आलेला माणूस बरं होण्याच्याच वाटेत आडवा पडतो, हे फ्रॉइडच्या लक्षात आलं. त्याने याला जर्मनमध्ये ‘विडरश्टांड’ म्हटलं. म्हणजे विरोध, प्रतिकार. गंमत म्हणजे विजेच्या रेझिस्टन्सलाही जर्मनमध्ये हाच शब्द आहे. आम्ही फर्स्ट इयरला ज्याच्या नावाने खडे फोडले, तो ओहमचा रेझिस्टन्स!

फ्रॉइडच्या बाजूने एक सांगायला हवं. त्याने या विरोधाला आळस म्हटलं नाही. माणूस जिथे अडतो तिथेच काहीतरी दडलेलं असतं, असं तो मानायचा. पण शब्द एकदा बाजारात आला, की त्याचं काय होईल ते आपल्या हातात राहत नाही. पुढे हा शब्द पेशंटच्या कपाळावर मारायचा शिक्का झाला. उपचार लागू पडले तर डॉक्टर हुशार, नाही पडले तर पेशंट ‘विरोध करतो’. आमच्याकडे सॉफ्टवेअर बंद पडलं की "युजरने चुकीचं वापरलं" म्हणतात, तसंच हे.

दुसरा टप्पा अमेरिकेतला, आणि तो डॉक्टरांचा नाही तर एका दारुड्याचा आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस. १९३४च्या डिसेंबरात त्याची दारू सुटली. नवा नवा सुटलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं: दिसेल त्या दारुड्याला उपदेश करत सुटला. कित्येक महिने हा उद्योग केला आणि एकही माणूस सुधारला नाही. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितलं, प्रवचन बंद कर. मग १९३५च्या मे महिन्यात अ‍ॅक्रन नावाच्या गावी त्याला डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. तेही दारूत बुडालेले. त्यांच्यासमोर विल्सनने उपदेश केला नाही, फक्त स्वतःची गोष्ट सांगितली. काही मिनिटांसाठी म्हणून आलेले डॉक्टर तासन् तास बसले. १० जून १९३५ हा डॉ. बॉबच्या शेवटच्या घोटाचा दिवस मानतात, आणि तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा वाढदिवस.

एक बारकावा बघा. विल्सन डॉ. बॉबना सुधारायला गेलाच नव्हता. धंद्यातलं एक काम फसलं होतं, परक्या गावात एकटा होता, आणि स्वतः पुन्हा प्यायला बसू नये म्हणून त्याला दुसरा दारुडा हवा होता. गरज त्याची होती. समोरच्याला ढकलायला कुणी नव्हतं, त्यामुळे मागे रेटायचंही कारण उरलं नाही.

तिसरा टप्पा आमच्या लोकलचा. म्हणजे एरिक बर्न या कॅनडात जन्मलेल्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६४ साली माणसांच्या ‘खेळां’वर जे पुस्तक काढलं, त्यात हा ‘हो, पण’चा खेळ जसाच्या तसा आहे! मी तो वाचला तेव्हा बर्न टिटवाळा लोकलने येऊन गेला की काय असं वाटलं :) बर्न सांगतो, की सगळ्या खेळांमध्ये त्याने आधी अभ्यासला तो हाच, आणि खेळ ही कल्पनाच त्याला त्यावरून सुचली. या खेळात उपाय मिळवणं हा उद्देश नसतोच. आपला प्रश्न कुणालाही सुटत नाही, म्हणजे आपण कमी नाही, हे सिद्ध करणं हा उद्देश असतो. शेवटी सगळे गप्प होतात तो क्षण जिंकण्याचा.

बर्नमुळे फरक हा पडला, की विरोध आता एका माणसाच्या आत राहिला नाही. खेळायला दोघं लागतात. उपाय सुचवणारा नसेल तर ‘हो, पण’ म्हणणार कुणाला?

यानंतर गोष्ट आपल्या गावाकडे वळते.

अल्बर्ट एलिस (१९१३ ते २००७) हे नाव मराठी वाचकाला तसं अनोळखी नाही. अंजली जोशींची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. लहानपणापासून तब्येतीने नाजूक आणि मुलींशी बोलायला भयंकर घाबरणारा हा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःला गृहपाठ दिला: न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं, आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की जाऊन बोलायचं. महिनाभरात शंभरावर मुलींशी बोलला. भेटायला तयार झाली एक, आणि तीही आली नाही! पण आकाश कोसळलं नाही, आणि भीती गेली. पुढे तो फ्रॉइडच्या पद्धतीने उपचार करायला शिकला, त्याला कंटाळला, आणि १९५५च्या सुमारास त्याने स्वतःची पद्धत काढली. तिलाच पुढे आरईबीटी म्हणायला लागले आणि मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार.

एलिसचं म्हणणं थोडक्यात असं: घटना आपल्याला थेट दुःख देत नाही. मधे आपला एक समज बसलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा ‘च’चा असतो. असं व्हायलाच हवं, मला जमलंच पाहिजे, त्रास होताच कामा नये. बदलाला विरोध होतो तोही इथूनच. बदलायचं म्हणजे आत्ता त्रास, आणि आत्ताचा त्रास मला सहन होणारच नाही, ही खात्री. या हट्टी पेशंटवर एलिसने १९८५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

या एलिसला १९६८ साली मुंबईहून एक पत्र गेलं. पाठवणारे होते कि. मो. फडके. त्या काळात ना ईमेल, ना व्हिडिओ कॉल. पत्र जायचं, उत्तर यायचं, पुन्हा पत्र. हा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक चालला. आणि हा नुसता भक्ताचा पत्रव्यवहार नव्हता. फडके प्रश्न काढायचे, दुरुस्त्या सुचवायचे. एलिसच्या पद्धतीत चुकीच्या समजाशी वाद घालायची जी पायरी आहे, तिचे फडक्यांनी तीन भाग पाडले: आधी तो समज हुडकायचा, मग योग्य आणि अयोग्य समज वेगळे करायचे, आणि मगच वाद घालायचा. १९८२ साली त्यांनी हे मांडलं आणि त्या विषयाच्या परदेशी पुस्तकांत आजही ते फडक्यांच्या नावाने सापडतं. आम्ही डिबगिंग करताना हेच करतो. आधी बग सापडवायचा, मग तो खरंच बग आहे की फीचर ते ठरवायचं, मग कोडला हात लावायचा. मी मामाच्या बाबतीत थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली होती.

एलिस तसा फटकळ माणूस. पेशंटच्या समजावर तुटून पडायचा. पण माणसावर नाही. तुझा विचार वेडगळ आहे, तू वेडगळ नाहीस, हा फरक त्याच्या पद्धतीचा कणा आहे. माझ्या "तुला बदलायचंच नाहीये" मध्ये तो फरक कुठेच नव्हता. आणि १९८३ मध्ये एलिसने एक लेख लिहिला. विषय: तुमचा सर्वांत अवघड पेशंट म्हणजे तुम्ही स्वतः! उपचार करणाऱ्याच्याही डोक्यात ‘च’ बसलेले असतात. माझा प्रत्येक पेशंट सुधारलाच पाहिजे, त्याने माझं ऐकलंच पाहिजे. हे वाचताना मला ती एक्सेल शीट आठवली, त्यातला तारखांचा रकाना आठवला, आणि कानशिलं गरम झाली.

फडक्यांनी मराठीत एलिस समजावून सांगितला, शिष्य घडवले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आपली आयपीएच, सुरू केली, आणि विवेकनिष्ठ विचार पुस्तकांतून, व्याख्यानांतून घरोघरी पोचवला. आपल्याकडे मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे ‘वेडा’ ठरायचं, अशी भीती असण्याचे ते दिवस. आज कल्याण-डोंबिवलीकडचा माणूस त्यासाठी लोकल पकडून ठाण्याला जातो, यामागे ही वर्षं आहेत.

नाडकर्णींच्या एका पुस्तकाचं नाव आहे ‘विषादयोग’. त्या नावावरून मी घरातली गीता उघडली (आईला भलताच आनंद झाला). पहिला अध्याय म्हणजे अर्जुनाची तक्रार. दुसऱ्याच्या सुरुवातीला कृष्ण काय करतो? माझ्यासारखाच आधी झापतो! हे काय भ्याडासारखं, ऊठ. आणि त्याचा परिणाम काय होतो? शून्य. अर्जुन "हो, पण" म्हणत आणखी कारणं सांगतो. पुढे तो स्वतःच कबूल करतो, की मला काही सुचत नाहीये, मला सांग. तरीही लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. त्यानंतर खरी गीता सुरू होते. आणि अठराव्या अध्यायात, एवढं सगळं सांगून झाल्यावर, कृष्ण म्हणतो की आता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. साक्षात भगवंताने निर्णय अर्जुनाच्या हातात ठेवला. मी मात्र तारीख टाकून दिली होती...

याच सुमारास पुण्यात वेगळ्याच वाटेने याच प्रश्नाला कुणीतरी भिडत होतं. १९८०च्या दशकात गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, व्यसन शहरांत पसरलं. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले, ‘गर्द’ हे पुस्तक आलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. डॉ. सुनंदा, म्हणजे अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ला त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. १९९७ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. मुक्तांगण चालू आहे.

व्यसनी माणूस म्हणजे ‘हो, पण’चा बादशहा. मुक्तांगणने याला काय उत्तर शोधलं? मला तीन गोष्टी दिसल्या. एक, तिथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं आहेत. त्यांना उपदेश करावा लागत नाही, ते समोर असणं हेच पुरे. हा विल्सनचाच धडा. दोन, बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट. नवरा बदलेपर्यंत बायकोने आयुष्य थांबवून ठेवायचं नाही, तिच्या वाट्याचं ती बदलू शकते. हा बर्नचा धडा: खेळ दोघांचा, तर डाव सोडायची सोय दुसऱ्यालाही आहे. तीन, घरी गेल्यावरही पाठपुरावा. पुन्हा पडला तर दार बंद नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि हा आम्हा आकडेवाल्या लोकांसाठी. १९८२ मध्ये विल्यम मिलर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेतल्या बर्गनला काही महिने होता. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांसमोर तो दारुड्यांशी कसं बोलतो ते करून दाखवायचा. ते मधेच थांबवून विचारायचे, आत्ता तुम्ही हाच प्रश्न का विचारलात? उत्तर देता देता मिलरच्या लक्षात आलं, की तो बदलाच्या बाजूने स्वतः बोलतच नव्हता. समोरच्यालाच बोलतं करत होता. १९८३ मध्ये त्याने हे लिहून काढलं, आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिकबरोबर त्याचं पुस्तक आलं.

कल्पना साधी आहे. अडकलेल्या माणसाच्या आत दोन आवाज असतात. एक म्हणतो बदल, एक म्हणतो नको. दोन्ही त्याचेच. तुम्ही बाहेरून ‘बदल’ची बाजू पकडलीत, की त्याला उरते ‘नको’ची बाजू. आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे वारंवार ऐकतो, तेच त्याला पटत जातं. म्हणजे मी दर रविवारी मामाकडून न बदलण्याचा रियाज करून घेत होतो!

पुरावा? ओरेगॉनमध्ये पॅटरसन आणि फोरगॅच यांनी १९८५ मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. हट्टी मुलांच्या आईवडिलांशी बोलताना सल्लागारांनी आधी साधं बोलायचं, मग ठरवून शिकवायचं आणि दटावायचं, पुन्हा साधं, पुन्हा दटावणं. शिकवणं-दटावणं सुरू झालं की विरोध वर, थांबलं की खाली. चक्क स्विच! मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ४२ जास्त पिणाऱ्या लोकांचा अभ्यास छापला. त्यात सल्लागाराने जितकं जास्त खोडून काढलं, तितकं त्या माणसाचं वर्षानंतरचं पिणं जास्त निघालं. (हे नुसतं कोरिलेशन असेल, असं तुमच्यातला कुणीतरी म्हणणारच. म्हणून स्विचवाला प्रयोग आधी सांगितला.)

२०१३च्या आवृत्तीत मिलर-रोलनिकनी ‘रेझिस्टन्स’ हा शब्दच मोडीत काढला. त्याजागी दोन शब्द आणले. माणूस न बदलण्याच्या बाजूने बोलतो ते एक, त्यात रोग नाही, तो त्याचा दुसरा आवाज. आणि दोघांमधलं बिनसलेलं नातं हे दुसरं. १८९५ पासून एकशे अठरा वर्षं लागली. विरोध पेशंटच्या आत शोधायला सुरुवात केली, आणि शेवटी तो सापडला टेबलाच्या मधोमध. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर, व्होल्टेज लावल्याशिवाय रेझिस्टर तापत नाही.

तर, एवढं ज्ञान घेऊन मी मांड्याला गेलो. घरी नाही बोलावलं, मीच गेलो. मामीने चहा दिला. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी चुकलो. बोलायला नको होतं तसं."

मामा म्हणाला, "जाऊ दे रे. तू काळजीनेच बोललास."

मग मी विचारलं, "तुला स्वतःला काय नको वाटतं यातलं?" आणि गप्प बसलो. गप्प बसणं किती अवघड असतं, हे ज्याला बोलायची सवय आहे त्यालाच कळेल. मनात आकडे मोजले. मामा खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "सकाळी हात थरथरतात रे. पोरीच्या वहीवर सही करताना ती बघते. ते नको वाटतं."

सहा वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःहून पिण्याबद्दल बोलला. माझ्या जिभेवर चार उपाय येऊन उभे होते. मी ते गिळले. फक्त एक सांगितलं, कारण ते सांगणं भाग होतं: हात थरथरत असतील तर एका दिवसात दारू बंद करणंही धोक्याचं असू शकतं, डॉक्टरला विचारून करावं लागतं. तो "हं" म्हणाला. ‘हो, पण’ नाही, नुसतं "हं".

पुढे? सिनेमा असता तर मामा सुधारला असता. आठवड्याने त्याने आईकडे त्या बाईंचा नंबर मागितला. दोनदा गेला. तिसऱ्यांदा गेला नाही. आता पुन्हा जाणार म्हणतो. अजून पितो. पण रविवारी पोहे खायला येतो, आणि तक्रारीत आता ‘ती’ गोष्टही असते. मामी ठाण्याला एका गटात जायला लागली आहे, तिचा चेहरा बदललाय हे मला दिसतं. याला यश म्हणायचं का, माहीत नाही. दार उघडं आहे, एवढं म्हणता येईल.

आणि एक कबुली. परवा गाडीत मी नोकरीबद्दल कुरकुरत होतो. ग्रुपमधला एक जण म्हणाला, "अरे मग बदल ना." आणि माझ्या तोंडून निघालं...

बरोबर ओळखलंत.

सहा वर्षं. मामाचीही सहा, माझीही सहा. त्याच्यासाठी मी एक्सेल शीट केली, स्वतःसाठी एक ओळही नाही. समोरच्याने आणखी चार उपाय सुचवले असते तर मी चारही परत केले असते. पण तो काही बोलला नाही, पेपर वाचायला लागला. आंबिवली ते कल्याण मला स्वतःशीच बोलावं लागलं.

असो. बराच वेळ झाला, उद्या मामा यायचाय. बघू, यावेळी किती मिनिटं गप्प बसता येतं ते.